दहावी खारी ओळ

मिठाचं पाणी झाडाच्या मुळाशी घालायचं, तेही स्वतःच्या शेतात आणि स्वतःच्या हाताने, असलं काम करायची वेळ आपल्यावर येईल असं अक्काला कधी वाटलं नव्हतं. त्या भागात हे वैऱ्याचं काम. कुणाशी फाटलं आणि तोंडावर भांडायची हिंमत नसली, की माणसं दुसऱ्याच्या दारातल्या झाडाच्या बुंध्याशी मूठमूठ मीठ पुरायची. झाड वर्षभरात उभ्याउभ्या वाळायचं आणि पुरणारा हळहळ करायला सगळ्यांच्या आधी हजर व्हायचा. अक्काच्या लहानपणी तिच्या चुलत्याने त्यांच्या दारातलं झाड असंच मारलं होतं. आणि आता वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ती रोज सकाळी खड्ड्यातलं खारं पाणी बादलीत घेत होती आणि लाल दोरी बांधलेल्या दहा ओळींना मापाने पाजत होती. एका ओळीत बारा पिशव्या, प्रत्येक पिशवीत एक रोप. पिशवीशी वाकायचं, माप ओतायचं, मांडीवर हात टेकून उठायचं. गुडघे कधीचे गेलेले. दहा ओळी झाल्या की ती बांधावर बसायची.

चार वर्षांपूर्वी खाडीचा बांध फुटला आणि शेतात अकरा दिवस पाणी उभं राहिलं. पाणी गेलं, मीठ राहिलं. भावाने हट्टाने दोन वर्षं पेरलं. बी उगवायचं, दोन पानं दाखवायचं आणि मान टाकायचं. तिसऱ्या वर्षी त्याने पेरलंच नाही. शेत असं पांढरं पडलं की दुपारी तिकडे बघितलं तर डोळे दुखायचे. मग ज्या बांधाने शेत घालवलं त्याच बांधावर माती टाकायला भाऊ मजुरीने जायला लागला. घरात माणसं तीन: भाऊ, वहिनी आणि अक्का. अक्का भावाहून मोठी, पण सगळा गाव त्याच्या बायकोला वहिनी म्हणायचा, म्हणून तीही वहिनीच म्हणायची.

बावीस वर्षांपूर्वी नवरा वारल्यावर एक पेटी घेऊन अक्का या घरात परत आली होती. तेव्हापासून तिला कुणी 'जा' म्हटलं नाही आणि 'राहा' असंही म्हटलं नाही. शेत होतं तोवर तिला त्याची गरज पडली नव्हती. लावणी, खुरपणी, कापणी, ती दोन माणसांचं काम एकटी करायची आणि पानावर बसताना तिला कधी संकोच वाटला नाही. शेत गेलं आणि तिच्या हाताला काम उरलं नाही. तेव्हापासून जेवताना ती स्वतःच कमी वाढून घेऊ लागली. वहिनी ते बघायची आणि काही बोलायची नाही. ते न बोलणं अक्काला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

अशात संशोधन केंद्रातून एक बाई आली. उन्हाने रापलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हातात एक डबी आणि डबीला तारेने जोडलेला चिमटा. हा चिमटा ती पानांना लावायची आणि डबीवरचे आकडे वहीत उतरवायची. पहिल्याच दिवशी तिचं नाव चिमटेबाई पडलं.

“मला खारवलेलं शेत हवंय,” ती भावाला म्हणाली.

“मीठ हवंय?” भाऊ हसला. “न्या की. पाटीभर न्या, गाडीभर न्या. नाहीतर आम्हालाच न्या, आम्हीही खारवलोय.”

बाईने बाहेरची माती आणून पिशव्या भरल्या आणि वीस ओळी मांडल्या. पांढऱ्या दोरीच्या दहा ओळींना गोडं पाणी, ते केंद्राच्या टँकरने यायचं आणि कुलपाच्या टाकीतून मोजून निघायचं. लाल दोरीच्या दहा ओळींना खाडीच्या खड्ड्यातलं. रोपं यावर्षी टिकली तर पुढच्या वर्षी थेट जमिनीत लावायची, केंद्र तीन वर्षं शेत भाड्याने घेणार, पाणी घालायचं काम भावाचं. कागदावर नाव भावाचं लागलं. पण भाऊ दिवसभर बांधावर असायचा, म्हणून बादली अक्काच्या हातात आली. तिला परत काम मिळालं. त्या रात्री ती पोटभर जेवली.

रोप दिसायला काही खास नव्हतं. जमिनीला धरून पसरणारं, मांसल पानांचं. पानांवर बारीकबारीक फुगे, पाण्याचे थेंब बसावेत तसे, पण बोट फिरवलं तर पुसले न जाणारे. खारं पाणी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी बाई बांधावर अक्काशेजारी बसली होती. अक्काने विचारलं, “बाई, मिठाने झाड मरतं हे शेंबडं पोर पण सांगेल. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?”

“हे सहजासहजी मरत नाही. हे शिकतं.”

“काय शिकतं?”

बाईने एक पान तोडून उलटं केलं. “पानाला तोंडं असतात, डोळ्याला न दिसणारी. दिवसा तोंड उघडायचं, हवा आत घ्यायची आणि उन्हाच्या जोरावर त्या हवेचं अन्न करायचं. सगळी झाडं हेच करतात. पण उन्हात तोंड उघडलं की आतलं पाणी उडून जातं. एरवी चालतं, मुळं दुसरं पाणी देतात. पण मुळाशी मीठ असलं तर पाणी ओढता ओढता झाडाचा जीव जातो.”

“मग तोंड मिटून बसायचं.”

“मिटलं तर उपाशी मरेल. म्हणून हे रोप वेगळंच करतं. दिवसा तोंड मिटून घेतं आणि रात्री उघडतं. गार असतं, पाणी फारसं जात नाही. रात्रभर हवा घेतं आणि पेशीच्या आत आंबट रस करून साठवतं. सकाळी दार लावतं आणि दिवसभर त्या साठ्यावर अन्न करतं. मीठ आलंच आत, तर त्याला एका कोपऱ्यात कोंडतं, पेशीतल्या पिशवीत नाहीतर या फुग्यांत, म्हणजे कामाच्या जागी ते आडवं येत नाही.”

अक्काने ते पान हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. “म्हणजे रात्री बाजार करायचा आणि दिवसा दार लावून रांधायचं. आणि त्रास देणारा पाहुणा माळ्यावर बसवायचा.”

बाई मोठ्याने हसली. “हेच सांगायला मला चाळीस पानं लागली होती.”

“जन्मापासूनच येतं त्याला हे?”

“नाही ना. लहानपणी ते साध्या झाडासारखंच असतं. मीठ लागल्यावर शिकतं. कितव्या दिवशी, किती मिठाने, ते मला बघायचंय. शिकल्यावर वाढ मात्र खुंटते. जगतं, पण बाळसं धरत नाही.”

रस तपासायची सामग्री केंद्रात होती आणि बाई आठवड्यातून दोनदाच यायची. मधल्या दिवसांसाठी तिने अक्काला एक रीत दाखवली. सूर्य उगवायच्या आत प्रत्येक ओळीतलं एक पान तोडायचं, दातांखाली चावायचं आणि थुंकायचं. रोप शिकलं असेल तर पान पहाटे आंबट लागेल, कारण रात्रीचा साठा तेव्हा भरलेला असतो. संध्याकाळपर्यंत तो संपतो आणि पान फिकं लागतं. अक्काला लिहिता येत नव्हतं. म्हणून आंबट असेल तर ओळीच्या खुंटीला एक गाठ, खूप आंबट असेल तर दोन, फिकं असेल तर काही नाही. भाऊ संध्याकाळी येऊन गाठी बघून वहीत लिहायचा.

पहिले पाच दिवस सगळंच फिकं. खारं पाणी रोज थोडं जास्त. सहाव्या दिवशी लाल ओळींनी माना टाकायला सुरुवात केली. त्यातली दहावी ओळ सगळ्यात वाईट. ती उरल्यासुरल्या रोपांची, मागाहून लावलेली, बांधाच्या अगदी कडेला. बाराच्या बारा रोपं आजारी लेकरांसारखी पिशवीच्या काठावर लोळत होती. अक्का माप घेऊन वाकली आणि तिच्या हातून ते ओतवेना. चुलत्याची मूठ तिला आठवली. तिने ते माप बांधावर रिकामं केलं, मग दुसरं, मग बाराही.

घरामागे पिण्याच्या पाण्याचं पिंप होतं. ते भरायचं वहिनीच्या डोक्यावर. सार्वजनिक नळ दीड मैलावर, दिवसाला चार खेपा. वहिनीची उजवी टाच भेगाळून उघडी पडली होती, चालताना ती पाऊल बाहेरच्या कडेवर टाकायची. दुपारी ती तासभर आडवी व्हायची. त्या तासात अक्काने पिंपातून एक हंडा काढला आणि दहाव्या ओळीला पाजला. एकच दिवस, म्हणाली मनाशी. जीव धरला की बंद. दुसऱ्या दिवशी रोपांनी माना वर केल्या आणि तिला इतकं बरं वाटलं की तिने आणखी एक हंडा नेला.

बाराव्या दिवशी पहाटे तिसऱ्या लाल ओळीतलं पान चावलं आणि तिचे दात शिरशिरले. आंबट. स्वच्छ, चिंच चावल्यासारखं. चौथ्या ओळीतही तेच, सहाव्या ओळीत तर दोन गाठींचं. रोपं शिकली होती. हे सांगायला जवळपास कुणीच नव्हतं, तेव्हा ती एकटीच पांढऱ्या शेतात उभी राहून हसली. आठवडाभरात नऊ लाल ओळी आंबट झाल्या. बाईने केंद्रात रस तपासला आणि अक्काच्या गाठी खऱ्या ठरल्या. “तुमची जीभ यंत्र आहे, अक्का,” बाई म्हणाली. उभ्या आयुष्यात अक्काच्या जिभेची स्तुती पहिल्यांदाच होत होती. एरवी तिच्या जिभेला हाड नाही असंच सगळे म्हणायचे. रोज वीस पानं चावून तिच्या हिरड्या सोलल्या होत्या आणि गरम घास तोंडात धरवत नव्हता, पण तिची तक्रार नव्हती.

दहावी ओळ मात्र फिकीच. अक्का तिच्या खुंटीला गाठ मारत नव्हती. जीभ खरं बोलत होती, खोटं केलं होतं ते हातांनी.

इकडे घरात पिंप पुरेना झालं. वहिनीची पाचवी खेप सुरू झाली.

“कुठेतरी पाणी मुरतंय,” वहिनी म्हणाली. “पिंप गळतंय तुमचं.”

भावाने एका रविवारी पिंप रिकामं केलं, डांबर तापवलं आणि तळाला फासलं. पिंप धडधाकट होतं. अक्काने ते त्याच्यासाठी तिरकं धरून ठेवलं. डांबराचा धूर डोळ्यांत जात होता, तेव्हा डोळ्यांतल्या पाण्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. चार दिवसांनी भावाने पुन्हा एकदा डांबर फासलं. “आता समुद्र ओतला तरी गळणार नाही,” तो म्हणाला. वहिनीची पाचवी खेप काही सुटली नाही. तोंड वासलं की सगळं बाहेर पडेल, म्हणून अक्का त्या दिवसांत घरात फारशी बोलतच नव्हती.

अठराव्या दिवशी चिमटेबाई दहाव्या ओळीशी थांबली. तिने एका पानाला चिमटा लावला, दुसऱ्याला लावला, चष्मा पुसला, परत लावला. मग मातीतच मांडी घालून बसली.

“अक्का, ही ओळ अजून फिकी?”

“फिकी.”

“दिवसा तोंडं सताड उघडी आहेत हिची. आणि बाळसं बघा कसं धरलंय, गोड्या पाण्यावरच्या ओळींसारखं.” तिने परत डबीवरचा आकडा पाहिला. “खारं पाणी पिऊन ही नेहमीसारखं अन्न करतेय. शिकायची गरजच पडली नाही हिला. अशा रोपासाठी आम्ही सहा वर्षं झटतोय हो.”

अक्काला तेव्हाच सांगायचं होतं. पण बाईच्या रापलेल्या चेहऱ्यावर असा आनंद होता की आता सांगणं म्हणजे पंचपक्वान्नाच्या ताटात राख टाकणं, असं तिला वाटलं.  बाईने तिथूनच केंद्रातल्या साहेबांना फोन केला. भाऊ बांधावरून धावत आला. तीन वर्षांचं पाच वर्षांवर गेलं, बियाणं याच शेतात वाढवायचं ठरलं, भावाला कायमचं काम. संध्याकाळी वहिनीने अक्काच्या ताटात स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा वाढलं आणि म्हणाली, “घ्या. तुमच्या हाताला गुण आहे, अक्का.” बावीस वर्षांत ती असं काही बोलली नव्हती. अक्काने ताटातलं सगळं संपवलं, पण वहिनीकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी बांधापलीकडची गवळीणकाकू आली. जनावरं कधीच विकून झाली होती, गवळीण एवढं नाव उरलं होतं. तिचंही शेत तसंच पांढरं.

“अक्का, बियाणं आधी मला हं,” ती म्हणाली. “साहेब देतील तेव्हा देतील. तू मूठभर बाजूला काढून ठेव. लेक म्हणतोय, शेत मिठागरवाल्याला देऊन टाकू. मी त्याला म्हटलं, थांब. आमच्या अक्काच्या शेतात मिठावर वाढणारं झाड निघालंय, एक हंगाम थांब.”

“काकू, लेक म्हणतो तेही...” अक्का म्हणाली.

“तेही काय?”

“काही नाही.”

त्या रात्रीपासून अक्काला झोप लागेना. काकू ते बी पेरेल, तिचा लेक थांबेल, आणि ती रोपं दोन पानं दाखवून मान टाकतील. हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. सांगितलं तर बाईचं काम गेलं, भावाचं गेलं, शेत गेलं, आणि वहिनीसमोर उभं राहायचं तर पाण्याचाही हिशोब निघणार. या घरातून निघालं तर जायचं कुठे, हे तिने बोटांवर मोजून पाहिलं. एकही बोट दुमडलं गेलं नाही. तिला ओळ पुन्हा खाऱ्यावर घ्यावीशी वाटली, पण इतके दिवस लाडावलेली रोपं एकदम मिठात गेली तर जागच्या जागी झोपतील, हे तिला आता कळत होतं. म्हणून ती रोज एक हंडा घालतच राहिली. रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. नऊ दिवस गेले.

साहेब आले ते पहाटेच, कारण पान उन्हाआधी तोडायचं होतं. उंच, बोलायला सावकाश, बुटांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. शेतात चिमटेबाई, भाऊ, वहिनी आणि गवळीणकाकू. अक्का जरा मागे उभी होती. साहेब दहाव्या ओळीशी गेले आणि हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले.

“सुंदर,” ते म्हणाले. “पिशवीतल्या मातीचं मीठ मोजलंय?”

“आमचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, सर,” बाई म्हणाली.

साहेबांनी खिशातून पेनासारखं काहीतरी काढलं आणि मातीत खुपसलं. पहिल्या पिशवीत, पाचव्या, बाराव्या. मग नवव्या ओळीत खुपसून पाहिलं. मग परत दहाव्या ओळीत. उठले आणि भावाकडे वळले.

“पाणी तुम्ही घालता?”

“हो, साहेब.”

“या ओळीच्या मातीत मीठ जवळजवळ नाहीच. हे तर गोड्या पाण्यावर वाढवलंय. बाईंना फसवून पाच वर्षांचं काम मिळवायचं होतं तुम्हाला?”

भावाचं तोंड उघडं राहिलं. त्याने बाईकडे पाहिलं, बाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. “नाही हो साहेब, देवाशपथ... मी बांधावर असतो... मला काहीच...” बांधावर मातीच्या पाट्या वाहणारा तो भला दांडगा माणूस लहान पोरासारखा अडखळायला लागला.

“त्याला बोलू नका,” अक्का म्हणाली. ती पुढे आली. “ते मी केलंय. पाणी मीच घालते रोज, तो नाही. ही ओळ मरायला टेकली होती. मला बघवेना. मी गोडं पाणी पाजलं.”

“आमच्या टाकीतलं?”

“तुमची टाकी कुलपात असते.” अक्काचा आवाज बारीक झाला. “घरचं. पिंपातलं. रोज एक हंडा.”

 वहिनी तिच्याकडे बघत होती. बघता बघता तिची नजर खाली गेली, स्वतःच्या उजव्या पायाकडे, आणि तिथेच राहिली.

“किती दिवस?” वहिनीने विचारलं.

“एकवीस.”

गवळीणकाकू हळूच बांधाकडे चालू लागली. जाताना तिने एकदाच मागे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि अक्काला तो रागापेक्षा वाईट वाटला.

साहेबांनी बाईची वही मागितली. “या गाठी कुणाच्या? याच बाईंच्या? मग ही सगळीच वही बाद. पाणी घालणारी खोटी, तीच चव घेणारी. नऊ ओळींचं तरी कशावरून खरं मानायचं?”

“सर, रस मी तपासलाय...”

“आठवड्यातून दोनदा. उरलेले पाच दिवस हिच्या तोंडचे.”

चिमटेबाईने चष्मा पुसला. सहा वर्षांनी मिळालेला आनंद नऊ दिवस टिकला होता. पण ती बोलली ते वेगळंच बोलली. “हिचा हात चुकला असेल, सर. जीभ चुकलेली नाही. या ओळीला हिने एकदाही आंबट म्हटलेलं नाही. तपासून घ्या.”

तेव्हा मग साहेबांनी तपासायचं ठरवलं. बाईच्या मानेचा रुमाल अक्काच्या डोळ्यांवर बांधला गेला. तिला एका बादलीवर बसवलं. बाजारात जनावराचे दात बघतात तसं आपल्याला बसवलंय, असं तिला वाटलं, आणि ज्या शेतात ती सहा वर्षांची असल्यापासून राबली त्या शेतात तिला आंधळ्यासारखं तोंड पुढे करावं लागलं. साहेब कुठकुठल्या ओळींतून पानं आणून तिच्या हातात ठेवत होते.

“आंबट,” ती म्हणाली. थुंकली. “फिकं.” थुंकली. “आंबट. दोन गाठी.” सोललेल्या हिरड्यांना रस झोंबत होता, डोळ्यांतून पाणी येऊन रुमाल भिजला होता. “आंबट. हे फिकं. हेही फिकं... पण हे पांढऱ्या ओळीतलं नाही, पान जाड आहे. हे माझ्या ओळीतलं.”

सोळा पानं झाली. साहेब ओळींचे आकडे एका चिठ्ठीवर लिहीत गेले होते, ती चिठ्ठी त्यांनी बाईच्या हातात दिली. रुमाल सोडला तेव्हा सूर्य वर आला होता आणि अक्काला काही वेळ पांढऱ्याशिवाय काहीच दिसेना.

“सोळाच्या सोळा,” बाई म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. नऊ ओळींची नोंद राहील, दहावी उपटून टाका, पाणी यापुढे भावानेच घालायचं, आणि करार या हंगामापुरता. पाच नाही, तीनही नाही. पुढचं पुढे. भाऊ 'हो, हो' म्हणत राहिला. साहेब गेल्यावर त्याने दहाव्या ओळीतली रोपं एकेक उपटून बांधावर टाकली. अक्काकडे त्याने पाहिलं नाही. संध्याकाळी जेवताना तो एवढंच म्हणाला, “दोनदा डांबर फासलं गं मी.” आणि हात धुवायला उठला. वहिनीने अक्काचं ताट नेहमीसारखं वाढून ठेवलं होतं, नेहमीइतकंच, फक्त 'घ्या' म्हटलं नाही.

सकाळी वहिनी उठायच्या आत अक्काने हंडा उचलला आणि नळाकडे निघाली. बारा वर्षांत तिने डोक्यावर पाणी घेतलं नव्हतं, गुडघ्यांमुळे घरानेच तिला ते सोडवलं होतं. नळावरच्या बायकांना सगळं आधीच कळलं होतं. तिची पाळी येईपर्यंत सगळ्यांच्या माना वळत होत्या. एकीने हंडा उचलून डोक्यावर दिला. पहिला मैल कसाबसा गेला. मग उजव्या गुडघ्याने दगा दिला, हंडा डोक्यावर कलला आणि गार पाणी मानेवरून पाठीवर गेलं. ती थांबली, हंडा सावरला, पुन्हा चालली, पुन्हा सांडलं. दीड मैल ही चाल रोज चारदा, आणि तिच्यापायी एकवीस दिवस पाचदा, फाटलेल्या टाचेवर. आजवर हे तिला नुसतं माहीत होतं. आज ते मानेत, कमरेत आणि पोटऱ्यांत भरत होतं. 'मी हे पाणी तिला न विचारता घेतलं,' ती वाटेवर मोठ्याने म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं.

वहिनी दारात उभी होती. अक्काने हंडा खाली ठेवला. दोघींनी आत वाकून पाहिलं. पाणी अर्ध्यावर होतं.

“वहिनी,” अक्का धापा टाकत म्हणाली, “तुझ्या एकवीस खेपा माझ्यामुळे झाल्या. मी एकवीस आणून देते. मग तू म्हणशील तसं.”

 वहिनीने हंडा कडेला धरून उचलला, पिंपात ओतला, शेवटचा थेंब निथळेपर्यंत उलटा धरला. मग अक्काच्या भिजलेल्या खांद्यांकडे बघून म्हणाली, “हा धरायचा नाही.”

“का?”

“अर्धाच आहे. माझे सगळे भरलेले होते.” तिने रिकामा हंडा अक्काच्या हातात दिला. “एकवीस उद्यापासून मोजू. आणि रोज एकच खेप आणायची, चार नाही. तुम्ही वाटेत पडलात तर उचलून मलाच आणावं लागेल.”

ती लंगडत आत गेली. अक्का हंडा धरून उभी राहिली. उद्यापासून एकवीस दिवस, रोज एक. तिने पुन्हा बोटं मोजायला घेतली, आणि या वेळी ती भराभर दुमडत गेली.